शंभरापैकी बोईसर

बोईसरला घर बांधायचं की जालन्याला परत जायचं, हा निर्णय पुंजारामने गुणांवर सोपवला होता. साल १९८६. उद्या एखादं संकट आलंच, तर इथे महिनाभर स्वतःच्या बळावर जगता येईल का, याचा त्याने तक्ता आखला. विहिरीचं पाणी मचूळ; दहापैकी चार. जमीन: वर्षभरात दोनच वांगी; तीन गुण. कारखाने शेजारी, गॅसगळतीची भीती; शून्य. शंभरापैकी बेरीज सव्वीस.

"शेजाऱ्यांपुढे नुसती रेघ?" त्याच्या बायकोने, दमयंतीने विचारलं. ती इथल्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि तिला बोईसर सोडायचं नव्हतं.

"शेजारी मोजता येत नाहीत."

शिधा मात्र मोजता येत होता. मुरबे गावच्या नर्मदा कोळिणीकडून सुके बोंबील घेऊन त्याने तेलाचा रिकामा डबा भरला आणि पलंगाखाली सरकवला.

"आपल्यात मासे खातं कोण रे?" साखरबाईंनी लेकाला विचारलं.

"वेळ आली की सगळे खातात, आई."

दर रविवारी तो डबा उघडून साठा तपासायचा. पावसाळी दमट हवाही दर रविवारी आत जायची.

ऑगस्टमधल्या एका सकाळी तो नाक धरून ओरडला, "अमोनिया! कुठंतरी गळती झालीय! फडकी ओली करा, मैदानात चला!"

चाळ उठली. समोरच्या खोलीतला मारुती साखरबाईंपुढे उकिडवा बसला.

"मावशे, बसा पाठीवर."

"अरे, माझा पानाचा डबा..."

"पान नंतर खा, आधी जगा!"

शेजारच्या सुलूच्या एका काखेत तिची पोर होती, दुसरीत दमयंतीची कोंबडी. अकरा मिनिटांत चाळ रिकामी झाली.

चाळीत फिरून नर्मदा पाटी घेऊन मैदानात आली. "गॅस कसला ओ? तुमच्याकडं माजा बोंबील कुजलाय! डबा सारखा उघडू नका, बोललेली ना मी?"

मारुती इतका हसला की पाठीवरच्या साखरबाई गदागदा हलल्या. चाळ पुंजारामला पुढची कित्येक वर्षं 'अमोनियाशेठ' म्हणत राहिली.

घरी येऊन पुंजारामने तक्ता काढला. शेजारी: दहापैकी दहा.

"छत्तीस झाले," तो म्हणाला. "तुमच्या शाळेत पस्तिसाला पास करतात ना?"

घर झालं. घासून घासून वास गेलेल्या त्या डब्यात अंगणातली तुळस कितीतरी वर्षं वाढली. तिला पाणी घालताना दमयंती दर वेळी हसायची. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही. पलंगाखालून येणारा, कुजल्या मासळीचा अमोनिया तिने त्या सकाळी लगेच ओळखला होता. ती सांगणारही होती. पण तेवढ्यात मारुती सासूबाईंपुढे बसला आणि पुंजाराम त्याच्याकडे बघत उभा राहिलेला तिला दिसला. मग तिने ओला पदर नाकाला लावला आणि ती सगळ्यांबरोबर चालू लागली.