आमच्या खात्यातला सौना

आमचं खातं इमारतीच्या सगळ्यांत वरच्या मजल्यावर, थेट पत्र्याखाली आहे. पंखा बंद पडला, जीव मेटाकुटीला आला, तेव्हा मी रीतसर तक्रार केली. पंखा फिरावा, एवढंच माझं म्हणणं होतं.

पंख्याऐवजी कल्याण अधिकारी आले. त्यांनी भिंतीला हात लावला, चटका बसताच खूश झाले. "अहो, घाम काढायच्या अशा गरम खोलीला सौना म्हणतात! लोक यासाठी आधीपासून नंबर लावतात, आणि तुम्ही तक्रार करताय?"

लगोलग वर्गवारी झाली. भिंतीला टेकणाऱ्यांना कोरडा सौना, चहाच्या किटलीजवळच्यांना वाफेचा, आणि खिडकीतल्या टंकलेखक बाईंना थेट किरणांचा. दारावर फायदे लागले: स्नायू सैलावतात, मन हलकं होतं, झोप छान लागते. शेवटचा फायदा आम्ही पंखा चालू होता तेव्हापासूनच घेत होतो.

लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोला समुद्र दाखवायचा म्हणून मी रजा मागितली होती. साहेबांनी विचारलं, "रजा कशासाठी असते?"

"विश्रांतीसाठी, साहेब."

"ती तर तुम्हाला रोज मिळतेय की! दुहेरी लाभ नियमात बसत नाही."

घरी बायको भरलेल्या बॅगेवरच बसली होती. "म्हणजे दिवसभर तिथे आराम करायचा, आणि घरी येऊन दमलो दमलो करायचं? वा रे वा!" मला फार लागलं ते.

दुसऱ्या दिवशी मी चक्कर येऊन खुर्चीवरून पडलो. अधिकाऱ्यांनी शेरा मारला, 'संपूर्ण शिथिलता. योजना यशस्वी.'

मग मात्र मी साहेबांपुढे हात जोडले. "सौना नको, साहेब. रजा द्या."

साहेब तसे भले. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. "बहुमत नको म्हणालं तर सौना बंद. पंखाही येईल, रजाही मिळेल. बोला, सौना कोणाला हवाय?"

कोणी हललं नाही. टंकलेखक बाई रुमाल पिळत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे समुद्र दिसायला लागला. तेवढ्यात मागून कोणीतरी पुटपुटलं, "आपण सोडला तर खालच्या मजल्यावरच्यांना देणार आहेत म्हणे."

भराभर हात वर गेले. माझाही. बायकोला अजून सांगायची हिंमत झालेली नाही.

हसा, हसा! कालच खालच्या हॉलमधले पंखे काढले, तुम्ही अर्ज घेऊन कामासाठी ताटकळता तिथले. कोणी ब्रसुद्धा काढला नाही. तुम्ही तेवढे उठलात, आणि विचारलंत काय, तर "आमचा कोरडा की वाफेचा?"