हिला विचारून सांगतो

गाडीचा पुढचा दिवा गेला तेव्हा नानांना मनापासून आनंद झाला. माई लेकीकडे बाळाला सांभाळायला गेल्यापासून घर त्यांना खायला उठलं होतं. पण काम असल्याशिवाय फोन करायचा नाही, ही त्या नवराबायकोची जन्माची सवय. ‘तुझ्यावाचून करमत नाही’ असं म्हणायला नानांची जीभ रेटत नसे. गॅस संपल्याचं कळवून झालं होतं. मिठाची बरणी कुठे आहे, हे तर बरणी समोर दिसत असताना विचारून झालं होतं.

“दोन्ही बल्ब एकदमच बदला,” गॅरेजवाला म्हणाला, “नाहीतर गाडी डोळा मारत फिरेल. कोणते टाकू? तीन हजार, साडेचार हजार की सहा हजार?”

“बल्ब घ्यायचेत मला, टायर नाही.”

“किंमत नाही नाना, रंगाचं तापमान आहे ते. आकडा लहान तितका उजेड पिवळा. मोठा झाला की पांढरा, मग निळसर.”

नानांचे डोळे चमकले. “हिला विचारून सांगतो.”

“माई गाडी चालवतात?”

“चालवतात. बाजूला बसून.”

त्या संध्याकाळी नानांनी बिल्डिंगच्या फाटकात गाडी आडवी लावली, भिंतीवर पिवळा झोत टाकला आणि व्हिडिओ कॉल लावला. माईंनी चष्मा पुसून पाहिलं. त्यांना पांढरा दिसला. दुसऱ्या दिवशी सहा हजारवाला दाखवला, तोही पांढराच. फोनचा कॅमेरा सगळे उजेड आपल्या मनानं सारखे करून टाकतो, हे गॅरेजवाल्यानं दोनदा समजावलं. नाना तेवढ्यापुरते बहिरे झाले आणि त्यांनी मधला जोड मागितला. बल्ब काढून-घालून गॅरेजवाल्याच्या नाकी नऊ आले.

“तोंडीच सांगा ना,” माई तिसऱ्या संध्याकाळी म्हणाल्या. “पिवळा म्हणजे कसा पिवळा?”

“आपल्या खिडकीतल्या जुन्या दिव्यासारखा. तू त्याच्याखाली शिवायला बसायचीस ना, तसा.”

माईंनी फोन जरा जवळ घेतला.

“बरं दिसायचं तेव्हा?” माईंनी विचारलं.

“काय?”

“उजेड, दुसरं काय?”

“फार बरं दिसायचं,” नाना म्हणाले, आणि मग दोघंही बाळाच्या सर्दीवर इतकं बोलले की गाडीची बॅटरी उतरली. दिवे विझले, गाडी सुरू होईना, आणि फाटकातून बाहेर पडायला डॉक्टरीणबाई हॉर्न वाजवू लागल्या. अख्खी बिल्डिंग ढकलायला खाली आली. ढकलता ढकलता विषय निघालाच. सेक्रेटरींचं मत पांढऱ्याला, डॉक्टरीणबाईंचं पिवळ्याला. वाद इतका रंगला की ढकलणारे थांबले आणि गाडी उतारावरून मागे येऊन सेक्रेटरींच्या स्कूटरवर अलगद टेकली.

“अहो, धापा कशाला टाकताय?” नानांच्या खिशातून माईंचा आवाज आला. फोन चालूच राहिला होता.

“बल्ब ठरवतोय.”

“पिवळाच घाला आणि मिटवा एकदाचं. लोकांच्या जिवाला घोर नको.”

झालं. नानांचा विचार बदलायच्या आत गॅरेजवाल्यानं सकाळीच पिवळे बल्ब बसवून टाकले. उजेड दृष्ट लागण्यासारखा पडत होता, पण नानांचा चेहरा पडला. संध्याकाळी ते घरभर फिरले. नळ गळत नव्हता. पंखा कुरकुरत नव्हता. टीव्हीसुद्धा शहाण्यासारखा चालत होता. आता हिला काय विचारायचं, या विचारानं त्यांचा जीव कासावीस झाला. हातात घेतलेला फोन त्यांनी दोनदा खाली ठेवला.

तेवढ्यात तो वाजला.

“कामात नाही ना?” माई म्हणाल्या. “एक विचारायचं होतं. जावईबापूंच्या गाडीला वायपर घ्यायचेत. कुठले बरे?”

जावईबापू बसनं ऑफिसला जात. त्यांच्याकडे गाडी नव्हती, सायकलही नव्हती, आणि हे नाना-माई दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

नानांनी खुर्ची ओढली आणि ते ऐसपैस बसले.

“असं घाईघाईत सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “आधी मला सांग, काच केवढी आहे?”

“थांबा हं,” माई म्हणाल्या. “मोजून उद्या सांगते.”