दसाराममामांची टाच

धानाच्या बांधीतला चिखल रोपांच्या रोवणीजोगा झाला की नाही, हे माझे दसाराममामा उजव्या टाचेनं ओळखत. पायजामा गुडघ्यापर्यंत गुंडाळून ते बांधीत उतरत, टाच चिखलात दाबत, डोळे मिटत आणि खालून कोणी काही सांगत असल्यासारखी मान हलवत. मग निकाल देत, "अजून एक फेर." म्हणजे चिखलावर ट्रॅक्टर आणखी एकदा फिरवा. धान कोणाचंही असो, माणूस मुकाट्यानं आणखी एक फेर मारी. करडी गावाच्या पलीकडच्या आमच्या गावात लोक मोबाइलवर हवामान बघतात, सरकारी सल्लाही ऐकून घेतात, पण मानतात मामांच्या टाचेला.

"मामा, हातानं काहून नाही पाहत?" मी एकदा विचारलं होतं.

"हात लबाड रायते पोरी. आपल्याले पायजे तेच सांगते. टाचेले तोंडदेखलं बोलता येत नाही."

ही विद्वान टाच सात वर्षांपासून दुखत होती. सकाळी खाटेवरून उतरल्यावरची पहिली दहा पावलं मामा निखाऱ्यावरून चालल्यासारखे टाकत. मग रुईचं गरम केलेलं पान झालं, तापवलेली वीट झाली, कोणीतरी आणून दिलेलं हिरवं तेल झालं. त्या तेलानं टाच तशीच राहिली, खाटेचा पाय मात्र हिरवा झाला. शेवटी मी भंडाऱ्याला नेऊन एक्स-रे काढला.

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. तुमसरला एका शाळेत इतिहास शिकवते. पण गावाच्या हिशेबानं शिकलेल्या माणसाला सगळंच वाचता येतं. मामांनी एक्स-रे माझ्या हातात दिला. "वाच."

"मामा, हे वाचायचं नसते. डॉक्टर म्हणाले, टाचेचं हाड काट्यासारखं वाढलं."

मामांनी तो फोटो उन्हात धरला. टाचेच्या हाडाला खालून खरंच बारीकसं टोक आलं होतं. मामांचा चेहरा उजळला. "मोड आला व! पन्नास वर्सं चिखलात रायली. मोड येनारच." त्या दिवसापासून एक्स-रे ओसरीच्या खिडकीला टांगला गेला. येणाऱ्याला आधी चहा मिळे, मग मोड.

डॉक्टरांनी उन्हाळ्यातच ऑपरेशन करायला सांगितलं होतं. मामांनी तीन तारखा चुकवल्या. एकदा मोहफुलं, एकदा तेंदूपत्ता, एकदा कोणाच्या तरी साळ्याचं लग्न. पाऊस लागायच्या तोंडावर एका सकाळी त्यांना पाऊलच टेकवेना. तेव्हा मी त्यांना न विचारता ऑटो बोलावला. तसं मी त्यांच्याशी कधी वागले नव्हते, कारण मी शिकले ती त्यांच्यामुळं. बारावीनंतर बाबा माझं लग्न जमवायला निघाले होते, तेव्हा मामांनी त्यांना दारातच अडवलं होतं. "भाऊजी, अजून एक फेर," एवढंच म्हणाले होते. त्या एका फेरात मी बी. ए. झाले.

दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी समजावलं, "टाचेखालचा ताठलेला पट्टा थोडा सैल करू, वाढलेलं हाड घासू."

"घासा साहेब. पन अक्कल तेवढी राहू द्या तिथं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

ऑपरेशन चांगलं झालं. सूचना अशा : दोन आठवडे पाऊल टेकवायचं नाही, दवाखान्यानं चढवलेला बूट काढायचा नाही, पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा आणि सहा आठवडे चिखलात उतरायचं नाही. शेवटची सूचना ऐकल्यावर मामांनी डॉक्टरांना "कोनत्या गावचे तुमी?" असं विचारलं. रोवणी पंधरा दिवसांवर होती.

मी शाळेतून रजा घेऊन गावी आले. मामांचा पाय धानाच्या दोन पोत्यांवर ठेवला होता. त्यामुळे भेटायला येणाऱ्याला मामांच्या आधी त्यांचा बूट भेटे. लोक बुटाकडे पाहूनच बोलत, "कसं काय मामा?" आणि पलीकडून आवाज येई, "पडून रायलो गा." वॉकरला त्यांनी घोडा नाव ठेवलं होतं. डाव्या पायाच्या बोटांनी दुपट्टा उचलून ते पाहुण्यांना दाखवत. खरं तर तो व्यायाम उजव्या पायाचा होता, आणि तोही पुढच्या महिन्यातला.

पण पहिला पाऊस झाला, रोवायच्या रोपांचे पऱ्हे हिरवे झाले, ट्रॅक्टरचा आवाज सुरू झाला आणि मामांचं खाटेवर मन लागेना. प्रत्येक ट्रॅक्टरमागे मान उचलत. "तो शालिकराम होय. दोन फेरात आटोपते तो. पाहा तू." गावाचा चिखल त्यांच्याशिवाय होत होता. ते त्यांच्या टाचेपेक्षा जास्त दुखत होतं.

मग एका सकाळी शालिकराम स्वतःच आला. सायकलच्या कॅरिअरवर घमेलं बांधलेलं, घमेल्यात त्याच्या बांधीचा चिखल.

"मामा, तुमाले येता येत नाही, मनून बांधीच घेऊन आलो."

मामांचे डोळे चमकले, पण लगेच विझले. "उजवी बुटात हाये गा."

"डावी लावा."

"डावीले काय समजते? अडानी हाये ते."

"मंग तुमच्याच्यानं होत नाही मना ना. मी दुसऱ्याले इचारतो."

हे लागलं. मामा उठून बसले. मला काही बोलू न देता त्यांनी डावा पाय खाटेखाली सोडला आणि घमेल्यात टाच बुडवली. डोळे मिटले. मान हलली. कोंबड्यासुद्धा थांबून पाहत होत्या.

"झाली," मामा म्हणाले. "रोव."

मी चमकले. किती वर्षांत मी मामांच्या तोंडून "झाली" ऐकलं नव्हतं.

पण घमेल्यातला चिखल आणि बांधीतला चिखल वेगळा. वाटेत ऊन लागून तो सुकू नये म्हणून शालिकरामनं त्यात नळाचं पाणी घातलं होतं. वर दोन किलोमीटर खडबडीत रस्त्यावर तो हिंदकळून दह्यासारखा झाला होता. हे त्यानं तेव्हा सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोवणीच्या सात-आठ बाया अंगणात येऊन उभ्या राहिल्या. पुढे पारबताबाई, सध्या रोवणीची टोळी चालवतात त्या. त्यांनी बुटाला वळसा घातला आणि थेट मामांच्या तोंडासमोर पंजा धरला.

"पाहा मामा. तुमच्या डाव्या टाचेनं काय केलं ते."

बोटांची टोकं सोलली होती. एका नखाखाली रक्त साकळलं होतं. घट्ट चिखलात दिवसभर रोपं खुपसली की असं होतं. माझ्या आईची बोटं मी अशी पाहिलेली आहेत.

मला वाटलं, मामा शालिकरामला शिव्या देतील, घमेल्याला देतील, डॉक्टरला तरी देतीलच. ते एकेका बाईचा हात पाहत राहिले. मग मला म्हणाले, "पोरी, खोबऱ्याचं तेल आन. समद्याइले लाव."

बाया बडबडत गेल्या. मामांनी दुपारचं जेवण तसंच ठेवलं. ताट सरकवून म्हणाले, "तो फोटो काढ खिडकीचा."

"काहून मामा?"

"या टाचेले कदीच काही समजत नोहतं."

"मग कोणाले समजे?"

"तुह्या मामीले."

अनुसयामामीला जाऊन नऊ वर्षं झाली. आधी रोवणीची टोळी तीच चालवी. मामा तुकड्या-तुकड्यानं सांगत गेले. लग्नाच्या पहिल्या सालातच घट्ट चिखलानं तिची बोटं अशी सोलली होती. तिला भाकर मोडता येईना. मामा घास करून देत. तेव्हापासून बांधी पाहायला दोघंही जाऊ लागले. मामी बांधाजवळ एक रोप खुपसून पाही. हात पाण्यात धुतला तर चिखल कच्चा. हात पदराला पुसला तर झाला. मामा डोळे मिटल्यासारखे करून तेवढंच पाहत.

"मंग टाच कायले मामा?"

"बायकोले इचारून सांगतो मनलं असतं, तं कोन आयकलं असतं त्या टायमाले? तुही मामीच मने, तुमी टाचेचं नाव सांगा."

"आणि मामी गेल्यावर?"

"मंग मले काय समजे? मनून समद्याइले एकच सांगे. अजून एक फेर. जास्त मऊ झाला तं कोनाचं बोट नाही फुटत."

मला एकदम सगळी वर्षं आठवली. नऊ पावसाळे, सगळ्या बांध्या, एकच निकाल.

सकाळी मामांनी शालिकरामला बोलावलं. त्याच्या उरलेल्या बांधीत आणखी एक फेर मारायला लावला आणि मग स्वतःलाच तिथं न्यायला सांगितलं. डॉक्टरांनी चिखलात उतरू नका म्हटलं होतं, बांधावर बसू नका म्हटलं नव्हतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून आम्ही त्यांना नेलं, बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि बूट उलट्या घमेल्यावर ठेवला. तेच ते घमेलं.

"पारबताबाई," मामा सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "तू पाह्य. मले नाही समजत. तू मनशीन तेच खरं."

शालिकराम हसायला लागला, पण कोणी साथ दिली नाही. पारबताबाई जरा लाजल्या. खाली वाकून त्यांनी एक रोप खुपसलं, दुसरं खुपसलं. मग सरळ उभ्या राहिल्या आणि काही बोलायच्या आधी त्यांनी हात पदराला पुसला. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

"झाली मामा," त्या म्हणाल्या.

मामांनी मान हलवली. डोळे मिटले नाहीत.

बायांनी रोवणी धरली. अर्ध्या तासानं मी मामांचा पाय पाहिला. बुटाच्या कडेनं सूज दिसत होती. "मामा, चला आता."

"थांब पोरी," ते बांधीवरून नजर न काढता म्हणाले. "पयली ओळ पलीकडच्या धुऱ्याले लागू दे. ते लागल्याबिगर तुही मामी मले घरी जाऊ देत नोहती."

मी घमेल्याखाली पऱ्ह्याच्या दोन पेंढ्या सरकवल्या. पाय छातीपेक्षा उंच काही झाला नाही, पण थोडा वर आला.