आत्याच्या मानाची गाडी

गाडी जळोचीच्या घराच्या अंगणात येऊन चार दिवस झाले, तरी रविंद्र तिच्यात बसला नव्हता. तो तिला पुसत होता, तिच्याभोवती फिरत होता, रात्री उठून तिच्यावर पांघरूण नीट आहे का ते बघत होता. बायको ज्योत्स्ना म्हणाली, "आपली पोरगी झाली तेव्हा एकदा तरी उठला होता का असं?" त्यावर त्यानं पुसायचं फडकं बदललं.

बसायला बंदी होती ती वडिलांची. कचरू तात्यांच्या घरात नव्या वस्तूचा पहिला मान त्यांच्या थोरल्या बहिणीचा, पळसदेवच्या साखरबाई आत्याचा. आई लवकर गेली, तेव्हा या बहिणीनंच तात्यांना कडेवर वाढवलेलं. त्यामुळं घरात शिलाई मशीन आली तेव्हा पहिला पाय आत्यानं मारला, टीव्ही आला तेव्हा पहिल्या बातम्या आत्यानं ऐकल्या. एम-एटी आली, तेव्हा तिच्या मागच्या सीटवर बसून आत्या विहारापर्यंत जाऊन आली आणि मगच रविंद्रला किक मारायला मिळाली. टीव्हीसाठी थांबता आलं, एम-एटीसाठी थांबता आलं, पण ही गाडी म्हणजे वीस वर्षांचं दुखणं होतं.

कॉलेजात असताना पुण्याच्या रद्दीच्या दुकानात त्याला एक इंग्रजी मासिक मिळालं होतं. त्यात ती होती. दोन माणसांची, बिनछपराची, फायबरच्या अंगाची, इतकी हलकी की चित्रातसुद्धा पानावरून उडेल असं वाटावं. ही गाडी म्हणे पेट्यांतून सुट्या भागांनी घरी यायची आणि हौशी माणूस ती आपल्या हातानं जोडायचा. रविंद्र पुढं बारामतीच्या एका डेअरीत यंत्रांच्या देखभालीला लागला, लग्न झालं, केस मागं सरकले, पोट पुढं सरकलं. ते पान मात्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलंच राहिलं.

धाकटी बहीण करुणा इंग्लंडात नर्स होती. ती कायमची परत यायचं म्हणू लागली, तेव्हा रविंद्रला कुणीतरी सांगितलं, की परदेशातून कायमचं परतणाऱ्याला आपली वापरलेली एक गाडी सोबत आणता येते, फक्त ती आधी वर्षभर त्याच्या नावावर आणि वापरात असली पाहिजे. रविंद्र तडक एसटीडी बूथवर गेला. पुढचं वर्ष करुणा गाडी शोधत हिंडली आणि सापडली ती एका म्हाताऱ्या मास्तरांच्या खुराड्यात. त्यांनी तरुणपणी ती स्वतः जोडली होती, आता तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मास्तरांनी भाव सांगायच्या आधी विचारलं, चालवणाऱ्याचं वजन किती? करुणानं भावाचं कॉलेजातलं वजन सांगितलं. मास्तर समाधानानं हसले आणि कोंबड्या उठवल्या. मग आणखी एक वर्ष करुणा ती गाडी घेऊन पावसात छत्री धरून ड्यूटीवर जात राहिली. न्हावाशेवा बंदरावर पेटी उघडल्यावर कस्टमच्या साहेबांनी विचारलं, "बाकीची गाडी मागच्या बोटीनं येतेय का?"

कागदपत्रं, नंबर, सगळे सोपस्कार उरकून आता ती अंगणात होती, आणि आत्या पळसदेवला होती.

"आत्याला एसटीनं आणू," रविंद्र म्हणाला.

"मान द्यायचा आन तिकीट काढायला लावायचं?" तात्या म्हणाले. "गाडी तिच्या दारात जाईल."

"बरं. मग करुणा चालवेल, तिनं वर्षभर चालवलीच आहे. मी शेजारी बसतो."

"आत्याच्या आदी?"

"अहो तात्या, शेजारची सीट मोकळीच जाणार ना मग."

"मोकळी कशाला जाईल," तात्या म्हणाले आणि घरात गेले.

तात्यांची हयात साखर कारखान्याच्या फाटकावर ऊस मोजण्यात गेली होती. भरलेली ट्रॉली शहाण्यासारखी चालते आणि मोकळी ट्रॉली खड्ड्यात टणाटण उडते, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. ही गाडी तर त्यांनी पहिल्याच दिवशी मागून एका हातानं उचलून बघितली होती आणि तेव्हापासून त्यांना पोरीची काळजी लागली होती. ते बाहेर आले ते गुळाची ढेप घेऊन. ती त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवली. मग दुसरी. मग दोन मागच्या फटीत, आणि एक पायापाशी.

"तात्या, हलकेपणा हाच तिचा गुण आहे हो," रविंद्र कळवळून म्हणाला.

"हलक्या मानसाला कुनी गुनी म्हनल्यालं ऐकलंय का तू? आन गूळ काय वाया जातोय? आत्याला हुईल."

अशा रीतीनं, वीस वर्षं जिची वाट बघितली तिच्यात रविंद्रच्या आधी गुळाच्या ढेपा बसल्या. करुणानं गॉगल लावला, त्रिशरण म्हणून झालं आणि गाडी निघाली. मागं एम-एटीवर रविंद्र आणि त्याच्या मागं तात्या. बहिणीआधी तेही बसणार नव्हते.

भिगवणपर्यंत गाडी अशी गेली, की बघणाऱ्यानं बघतच राहावं. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला खाली काही चाललंय हे कळायचं नाही, फक्त आवाज ऐकू यायचा आणि तो आपल्याच इंजिनाकडं संशयानं बघायचा. रविंद्रच्या तोंडावर धूळ येत होती, पण ती त्या गाडीची धूळ होती म्हणून तो तोंडसुद्धा पुसत नव्हता.

पळसदेवात शिरताना आत्याच्या गल्लीच्या तोंडाशी गावानं स्वतःच्या हातानं घातलेला एक गतिरोधक होता. सरकारी गतिरोधक वेग कमी करतो, गावचा गतिरोधक राग व्यक्त करतो. करुणानं पुढची चाकं अलगद वर चढवली. गुळानं दबलेलं गाडीचं पोट मधोमध टेकलं, आणि गाडी तिथंच डुलत राहिली. मागची चाकं गरगरा फिरली, पण कशावर फिरावं हे त्यांना उमगेना.

आत्याचा मुलगा सोपान गल्लीतल्या माणसांना घेऊन धावत आला. आधी गूळ उतरवला. मग सगळ्यांनी हात घातले आणि "हं" म्हटल्याबरोबर गाडी करुणासकट छातीपर्यंत वर आली. जोर जास्त लावला गेला म्हणून सगळेच चकित झाले.

"आयला, ही तर शेळीपेक्षा हलकी हाय," सोपान म्हणाला. "आता खाली कशाला ठिवायची? दारातच नेऊ की."

"अरे, तिला चाकं आहेत," रविंद्र ओरडला.

"चाकं असू द्या दादा. आमाला काय तरास न्हाय."

करुणा वरून हात हलवत होती आणि मिरवणूक निघाली. आत्याच्या अंगणाचं फाटक म्हैस जाईल एवढंच होतं, म्हणून गाडी दगडांच्या बुटक्या गडग्यावरून पलीकडं नेली आणि आत्याच्या पायाशी ठेवली. मागून रविंद्र गुळाची ढेप डोक्यावर घेऊन आला.

आत्यानं गाडीला एक फेरी मारली. दोघांनी धरून तिला आत बसवलं, ती बसतच गेली, बसतच गेली आणि शेवटी नुसतं डोकं दिसू लागलं.

"ही बसायची गाडी हाय का निजायची?" आतून आवाज आला. मग जरा वेळानं, "पर बरं वाटतंय. कचरू, ये रं, तूबी ये."

तात्या स्टिअरिंगच्या बाजूला बसले. कुठं जायचं नव्हतं, त्यामुळं घाईही नव्हती. दुपारभर ती दोघं म्हातारी भावंडं त्या उभ्या गाडीत बसून राहिली. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावाच्या गोष्टी निघाल्या. "हितनं वळलं की आपलं घर," आत्या म्हणायची, आणि तात्या खरंच चाक वळवायचे. रविंद्र लिंबाखाली बसून बघत होता. मधेच तात्यांचा डोळा लागला, मग आत्याचा. त्यांना उठवायचं धाडस अंगणात कुणाकडं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा आत्या उठली. तात्या मुक्कामाला राहतो म्हणाले. माणसांनी रिकामी गाडी पुन्हा गडग्यावरून बाहेर नेऊन गल्लीत ठेवली. करुणानं किल्ली काढून भावाच्या हातात दिली.

"घे दादा. मी एम-एटीवर येते. मला पावसातली नऊशे वळणं पुरली तिची."

रविंद्र बसला. बसला म्हणजे एक पाय घातला, श्वास आत घेतला, दुसरा पाय घातला आणि मग श्वास परत मिळतो का याची वाट बघितली. स्टिअरिंग पोटाला लागलं होतं, पण दोघांचं जमलं. इंजिन सुरू झालं. गल्ली हलली, लिंब मागं गेला, वारा कपाळावरून थेट डोक्याच्या मधोमध शिरला, आणि रविंद्र कॉलेजात गेला. तो गेला तो गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथं गाडीचं पोट सकाळच्याच जागी टेकलं.

"आता तर गूळ न्हाय आत," सोपान बुचकळ्यात पडला.

करुणा मागून आली आणि एम-एटीवरच हसत सुटली. "दादा, त्या मास्तरांना मी तुझं कॉलेजातलं वजन सांगितलं होतं रे."

माणसं पुन्हा जमली, हात घातले, "हं" केलं. गाडी जागची हलली नाही. कुणीतरी म्हणालं, सकाळची ढेप परवडली. सोपान अदबीनं वाकून म्हणाला, "दादा, जरा उतरता का? मग एका हातानं उचलतो."

रविंद्रनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. घरात कधी कुणाला नाही न म्हटलेला माणूस तो. पण त्यानं समोर बघत मान हलवली. "नाही उतरणार."

तेवढ्यात गडग्यावरून आत्याचं डोकं वर आलं.

"बसू दे त्याला, सोपाना. त्याच्या बापाला म्या अख्खी जत्रा कडंवर फिरवलाय. त्योबी जडच हुता. पर म्या कवा उतर म्हनलं न्हाय." आणि मग घराकडं वळून, "आरं, आजून चार मानसं बोलवा की."

चहाच्या टपरीवरून माणसं आली, एसटीची वाट बघणारे आले, हातात बॅटरी घेऊन धरणावर निघालेला एक मासेवालाही जाळं खाली ठेवून आला. "हं" झालं. गाडी आधी कुरकुरली, मग जमिनीवरून सुटली आणि गतिरोधकावरून सावकाश पुढं निघाली.

चाकं हवेत होती. तरीही डावीकडं महामार्ग दिसताच रविंद्रनं आरशात बघितलं, मागून कुणी येत नाही ना याची खात्री करून घेतली, आणि वळायचा हात दाखवला.

उचलणारे सगळे डावीकडं वळले.