चालत्या नीरफणसाची बखर

चिरंजीव बाळगोपाळांस आशीर्वाद. घटकाभर डोळे मिटोन कल्पना करावी की, आपण निजलो असता परसातील झाड उठोन शेजारी राहावयास गेले. ऐसाच प्रसंग बार्बाडोस बेटी, आमचे सेंट अँड्र्यू परगणियात गुदरला, त्याची हकिकत लिहितो.

बेटाचा बहुत मुलूख प्रवाळखडकाचा, पक्का. परंतु आमचे परगणियात तो खडकाचा टोप झिजोन गेला आणि तळींची माती उघडी पडली. ती मूळची समुद्रतळींची, दोन भूपट्टांचे रेट्यात चेंगरोन, दुमडोन वर आली, आणि मग चिकणमाती, वाळू, ज्वालामुखीची राख यांत वरचे कोण, खालचे कोण, याचा काही बंदोबस्त राहिला नाही. पाऊस होताच ती साबणवडीसारखी कूच करिते.

तेणेप्रमाणे रविवारी राजमान्य युरायाह होल्डर यांचा नीरफणस, हंगामाचे पहिल्या फळांचे फौजेसुद्धा, उभाचे उभा टेकडी उतरोन मिस व्हर्ली गॉलप यांचे रताळ्यांवर दाखल जाहला. होल्डर कोयता घेऊन चालोन आले आणि फर्माविले की, झाड आमचे, फळेही आमची.

"झाड तुमचं, पण उभंय कुणाच्या जमिनीत?"

"माझ्याच! जमीन झाडासोबत आलीय. तुझी खाली दबलीय, व्हर्ली."

"अस्सं? मग तुमची जमीन उचला, मिस्टर होल्डर, अन् न्या परत वर. टोपली देऊ?"

ऐसा जंग माजला, आणि चुलीवर खारा मासा करपला, आणि मिस व्हर्लींची नात ताबिता भुकेने कासावीस जाहली, आणि मग आभाळ भरोन आले.

"आजी, खाली बघ ना!"

उताराचे तळाशी चर्चचे सेवेकरी डीकन मेयर्स आपले अंगणात खुर्ची टाकोन, रिकामी टोपली मांडोन, ढगांस हात जोडोन बसले होते.

"काय करताय हो, डीकन?" होल्डर ओरडले.

"काही नाही! देव देतो तेव्हा उतारावरूनच देतो!"

गनीम ओळखताच उभय पक्षीं तह जाहला. होल्डर झाडावर चढले, मिस व्हर्लींनी झगा पसरोन फळे झेलली, निम्मेनिम्म वाटणी जाहली, आणि विस्तवावर भाजोन, लोणी लावोन मेजवानी झडली. डीकनांकडे साली रवाना जाहल्या. फत्ते जाहली, ऐसे नमूद केले असे.

आणि मग पहिला थेंब पडताच ताबिता हिने शेळीचा दोर सोडिला, एक टोक नीरफणसास बांधिले, दुसरे आजीचे घराचे खांबास, आणि आपण पायरीवर जाऊन बसली, की झाड निघालेच तर घरानेही संगे यावे.