हजर नसल्यास नंबर रद्द

सन दोन हजार सहाच्या पावसाळ्यात नेरच्या सदाशिवरावांची मुलगी स्पृहा कृषी महाविद्यालयाच्या प्रतीक्षा यादीत पहिली आली. सदाशिवरावांनी गल्लीत पेढे वाटले. "पहिला नंबर आहे," एवढंच ते सांगत. कशात, हे कोणी विचारलंच तर दुसरा पेढा पुढे करत.

सदाशिवराव सरकारी कापूस खरेदी केंद्रावर नंबर देणारे कारकून. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, पण रांग होती. गाड्या तीन-तीन दिवस उभ्या राहत. खिडकीची वेळ दहाची, उघडायची बाराला. खिडकीवर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: 'पुकारल्यावर हजर नसल्यास नंबर रद्द.' त्यामुळे प्रतीक्षा या विषयातले आपण जाणकार, अशी त्यांची समजूत होती. आता जाणकारी सगळी खिडकीच्या आतली, ते सोडा.

त्यांनी रीतसर फाइल उघडली. विषय: 'कु. स्पृहा हिच्या प्रतीक्षेबाबत.' महाविद्यालयाला दर सोमवारी स्मरणपत्र, माहितीस्तव प्रत पत्नी सौ. कुंदा यांना. सौ. कुंदा ती स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवून ठेवत. इतक्यात गावातल्या विज्ञान महाविद्यालयात स्पृहाचं नाव लागलं.

"ते तरी घेऊन ठेवा," कुंदाताई म्हणाल्या.

"कायले? दोन ठिकाणी नाव म्हणजे विसंगती. फाइल खराब होते."

ती जागा गेली. स्पृहाला त्याचं दुःख नव्हतं. डालड्याच्या डब्यांत कपाशी लावून बोंडअळी भिंगातून बघत बसणारी पोरगी ती, तिला शेतीच शिकायची होती. पण आता हे हुकलं तर वर्ष गेलं, हे तिला कळत होतं आणि तिला भीती वाटत होती.

ऑगस्टात पत्र आलं. रिक्त जागा एक. फेरी सकाळी दहा वाजता, यवतमाळात, समक्ष.

त्या दिवशी स्पृहा सहालाच कागदपत्रं घेऊन दारात उभी.

"बाबा, सातची एसटी पकडू."

"सरकारी दहा कधी दहाले वाजले? साडेअकराशिवाय साहेब खुर्चीवर बसत नाही. तिथं जाऊन ताटकळत काहून बसाचं?"

त्यांनी आंघोळ केली, पूजा केली, स्टँडवर पोह्यांची दुसरी प्लेट घेतली. स्पृहाला रडू येत होतं, पण बाबांना अकरा वर्षांचा अनुभव होता.

ते पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. सभागृहात शिपाई खुर्च्या रचत होता.

"साहेब नवीन आहेत," तिथला कारकून म्हणाला. "दहाला दहाच वाजवले. पहिला नंबर तीनदा पुकारला. मग दुसरा घेतला."

"जरा समजून घ्या. आम्ही नेरहून..."

"नियम आहे."

हे वाक्य सदाशिवरावांनी हजारदा म्हटलं होतं. ऐकायची वेळ पहिलीच.

फाटकाशी शकील भेटला, त्यांच्याच केंद्रावर कापूस आणणारा शेतकरी. सोबत मुलगी हलीमा, दुसऱ्या नंबरची.

"तू कधी आला रे?"

"कालच, साहेब. फाटकापाशीच झोपलो. चौकीदार हसून राह्यला होता, म्या म्हटलं हसू दे. दोन साल पहिले चहा प्याले गेलतो, तं तुमी माहा नंबर काटला. तवापासून कानाले खडा लावला, नंबर सोडून हलाचं नाही. तुमचीच मेहरबानी."

तो टोमणा मारत नव्हता, मनापासून बोलत होता. सदाशिवरावांना तेच लागलं.

परतीच्या एसटीतून नेरला उतरल्यावर स्पृहानं विचारलं, "मले आता सालभर बसून राहाचं आहे. तुमच्या खिडकीपाशी लोक येतात, त्यायले तुम्ही काय सांगता?"

"थांबा म्हणतो."

"मंग मी बी थांबीन."

सदाशिवरावांना फार लाज वाटली. माणूस खरोखर सुधारला. दसऱ्यानंतर केंद्र सुरू झालं, त्या दिवशी त्यांनी दहाच्या ठोक्याला खिडकी उघडली. अकरा वर्षांत प्रथमच.

बाहेर एकटा शकील गाडीवर बसून होता. बाकीचे कोणी नळावर, कोणी चहाच्या टपरीवर, कारण बारापर्यंत खिडकी उघडत नाही हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. सदाशिवरावांनी आदल्या संध्याकाळी वाटलेले एकोणचाळीस नंबर तीन-तीनदा पुकारले आणि पाटीप्रमाणे अडतीस रद्द केले.

तुम्ही म्हणाल, लोकांना दहाला हजर राहायला काय झालं होतं? सदाशिवरावही हेच म्हणाले.