खुर्चीचे बूट

"पुढच्या खेपेला तोंड दाखव, हेप्सी. खुर्ची होऊ नकोस."

हे शब्द हेप्सीच्या आईचे. म्हातारी केझिया नातीचा, मर्सीचा, तान्हेपणीचा फोटो घेऊन खिडकीशी गेली होती. फोटोत मर्सी छान फुलाफुलांच्या कापडाने मढवलेल्या खुर्चीत बसली होती. आणि त्या खुर्चीला, पोरीच्या कमरेशी, दोन्ही बाजूंनी बोटं होती.

"ही बोटं तुझी ना गं?"

"हो आई."

"आणि तू कुठंयस?"

"आतच. कापडाखाली. पोर हलू नये म्हणून आईनं खुर्ची व्हायचं असतं. सगळ्याच होतात."

"मी मेल्यावर माझं तोंड कशावरून आठवशील? माझा तर एकही फोटो नाही. तुझ्या पोरांवर ती पाळी आणू नकोस. शब्द दे मला."

हेप्सीने शब्द दिला. केझिया त्याच हिवाळ्यात गेली. तिच्या पांढऱ्या केसांची बारीक वेणी घालून हेप्सीने तिचा ब्रोच करवला आणि तो गळ्याशी लावायला लागली. चेहरा म्हणाल तर खरंच हळूहळू पुसट व्हायला लागला.

शब्द पाळायचा पहिला योग दुसऱ्या पोराच्या, रूबेनच्या, फोटोच्या वेळी आला होता. पण नवऱ्याने, जेथ्रो क्लेगने, वेळ घेतली ती सकाळची, आणि सकाळ म्हणजे हेप्सीच्या नेमाची वेळ. पहाटे बायबलमधला एक अध्याय वाचायचा, आणि चॅपेलच्या घंटेने दुपारचे बारा वाजेपर्यंत कुणाला उलटून बोलायचं नाही, असा तिचा नेम होता. लग्नानंतर जीभ जरा जास्तच धारदार झाल्याचं तिच्या लक्षात आलं, तेव्हापासूनचा. त्या दिवशीही कापडाखालून ती "गुदमरतंय हो" एवढं म्हणाली, तर जेथ्रो खाकरून म्हणाला, "खुर्चीनं बोलायचं नसतं, हेप्सी." बारा वाजायचे होते. ती गप्प बसली.

आता घरात तिसरं पोर होतं, अमोस. आणि चॅपेलला पन्नास वर्षं झाल्याबद्दल गावातल्या झाडून सगळ्या कुटुंबांचे फोटो चॅपेलच्या भिंतीवर लागणार होते. जेथ्रो चॅपेलचा कारभारी, शिवाय लोखंडी सामानाचा दुकानदार. आपला फोटो बेकर पिकर्सगिलच्या फोटोपेक्षा भारदस्त निघायला हवा, हे त्याने मनाशी पक्कं केलं.

ब्रॅकनशॉ गावात फोटो काढायचा तर तो गिरण्यांच्या सुट्टीच्या आठवड्यातच. एरवी धुराड्यांमुळे दुपारीसुद्धा संध्याकाळ असायची. भट्ट्या थंडावल्या की आकाश निळं आहे हे गावाला पुन्हा कळे, आणि अख्खं गाव ठेवणीतले कपडे घालून फोटोग्राफर मिस्टर टॅटल यांच्या जिन्यात रांग लावी. टॅटल जुन्या वळणाचे. मोठ्या शहरात झटपट फोटो काढणारी यंत्रं आली होती म्हणे. टॅटल त्यांचं नाव निघालं की नाक मुरडत.

जेथ्रोने वेळ घेतली ती सकाळचीच. हेप्सीने त्या पहाटे अध्याय वाचला, डोळे मिटले आणि शांतपणे विचार केला. उलटून बोलायचं नाही असा नेम होता. ऐकायचंच, असा काही नेम नव्हता.

टॅटल यांची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, काचेच्या छपराखाली. मागच्या पडद्यावर किल्ला आणि हंसांचं तळं रंगवलेलं, बाजूला पुठ्ठ्याचा संगमरवरी खांब. सासूबाई, म्हणजे थर्झा, अजून जिन्यातच होत्या. त्यांचे गुडघे एकेका पायरीशी भांडत वर येत. त्यातून चष्मा काढून पिशवीत ठेवलेला. चष्म्यात बाई म्हातारी दिसते, असं त्यांचं ठाम मत होतं.

"मिसेस क्लेग, आपली जागा घ्या," म्हणत टॅटल यांनी झालरीचं लाल मखमली कापड झटकलं.

हेप्सी जाऊन खांबाशेजारी उभी राहिली.

"तिथं नाही. इथं, खाली."

"मी इथं बरी आहे," हेप्सी हळू आवाजात म्हणाली.

जेथ्रोला वाटलं, हिला नीट ऐकू आलं नाही. "अगं, तिथं मी उभा राहणार! एक हात खांबावर, एक हात छातीशी. तू कापडाखाली."

हेप्सी हसली. जागची हलली मात्र नाही.

"हे उलटून बोलणं झालं हां! बारा वाजले नाहीत अजून."

"मी कुठं काय बोलले?"

जेथ्रोने आठवून पाहिलं. खरंच, उलटून ती काही बोलली नव्हती. नुसती उभी होती. पण असं उभं राहणारं माणूस हलवायचं कसं, हे काही त्याच्या दुकानात मिळत नव्हतं.

"ठीक आहे. खुर्चीवाचूनही पोर बसेल," तो म्हणाला.

अमोसला खऱ्या खुर्चीत बसवून कमरपट्ट्याने बांधलं. तो जेलीसारखा पट्ट्यातून खाली घसरला आणि खुर्चीखाली जाऊन बसला. मर्सीच्या मांडीवर दिला, तर त्याने तिची रिबीन तोंडात घातली. टॅटल यांनी त्याला रिझवायला पत्र्याची चिमणी वाजवली. तिचा आवाज ऐकून अमोसने असा काही भोंगा लावला की खालच्या जिन्यातून बेकर पिकर्सगिलचा आवाज आला, "क्लेग, पोराला मारतोयस की फोटो काढतोयस? थोडा सूर्य आम्हालाही ठेव!"

जेथ्रोचे कान लाल झाले. "मिस्टर टॅटल, तो चिमटा आणा."

चिमटा म्हणजे मागून डोकं धरून ठेवणारा लोखंडी खांब. तो जेथ्रोच्याच दुकानातला, त्यानेच घडवलेला. अमोसच्या डोक्याला तो मोठा झाला. मग तो रूबेनला लावला, कारण आणलाच होता तर कुणाला तरी लावायला हवा होता. रूबेन रडायला लागला. आता दोन भोंगे झाले.

"हेप्सी, तमाशा पुरे! अगं, त्यात एवढं अवघड काय आहे? अंगावर कापड घ्यायचं आणि बसायचं! एवढंसं काम! मी करून दाखवू?"

"दाखवा ना," हेप्सी अगदी मनापासून म्हणाली. यात उलटून बोलण्यासारखं काहीच नव्हतं.

जेथ्रोने तावातावाने कापड ओढलं, खुर्चीत बसून ते आपल्यावर घेतलं. "हे असं!" आतून आवाज आला. "दे पोराला!"

हेप्सीने अमोसला त्याच्या एका मांडीवर ठेवलं. जेथ्रोच्या बंडीच्या खिशात त्याचं मोठं घड्याळ टिकटिक करत होतं. अमोसने मखमलीला कान लावला. त्याचं रडं थांबलं, डोळे विस्फारले, आणि तो चॅपेलमधल्या म्हाताऱ्यांपेक्षाही गंभीर होऊन बसला. ते पाहून रूबेनही गप्प झाला. नेमका त्याच वेळी ढग सरकला आणि काचेच्या छपरातून ऊन भडभडून खाली आलं.

"कुणीही हलू नका!" टॅटल किंचाळले आणि कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात घुसले. असं ऊन आणि असं पोर त्यांना कित्येक वर्षांत एकत्र लाभलं नव्हतं.

एवढ्यात दारातून थर्झाबाई आल्या. धापा टाकत त्यांनी डोळे बारीक करून समोर पाहिलं. "अगंबाई, केवढी मोठी खुर्ची! आणि पोराला एकट्यालाच दिलीय होय?" असं म्हणून त्या मोकळ्या मांडीवर बसल्या. चांगल्या ऐसपैस. झालर सारखी केली, हात गुडघ्यांवर ठेवले.

खुर्चीतून हुंदक्यासारखा आवाज आला. "आई, ऊठ!"

"कोण बोललं गं?"

"खुर्ची बोलली, आई," हेप्सी म्हणाली. "पण खुर्चीनं बोलायचं नसतं."

त्याच वेळी चॅपेलची बाराची घंटा वाजायला लागली. हेप्सीने मान वर केली, ब्रोच सरळ केला आणि थेट कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा दिला. टॅटल यांनी झाकण काढलं, ओठांतल्या ओठांत मोजलं आणि पुन्हा लावलं.

त्यानंतर कापडातून बाहेर आलेला जेथ्रो बीटासारखा लाल होता. "फोटोची दुसरी काच घाला! हा धरायचा नाही!" पण तोवर पिकर्सगिल मंडळी पाव फुगावा तशी खोलीभर पसरली होती. दुसऱ्या दिवशी पाऊस आला, तो आठवडा संपेपर्यंत राहिला. फोटो जो झाला तो झाला.

आणि झाला होता देखणा! किल्ल्यापुढे दोन गोड मुलं, ध्यानस्थ बाळ, ऐटीत बसलेली आजी, आणि खांबाशेजारी हेप्सी, सबंध, केसांपासून बुटांपर्यंत. फक्त खुर्चीला झालरीखाली दोन मोठे, चकचकीत, पुरुषी बूट होते.

"हा चॅपेलमध्ये लागणार नाही," जेथ्रोने जाहीर केलं. "मी कुठंय यात?"

दुपार टळून गेली होती, त्यामुळे हेप्सीला बोलायला मोकळीक होती. "आहात की. खाली बघा."

"लोक काय म्हणतील?"

"मर्सीच्या फोटोत मी नव्हते. रूबेनच्या फोटोत नव्हते. लोक म्हणाले, खुर्ची छान आहे. आताही ह्याहून वेगळं काही म्हणणार नाहीत."

"हेप्सी, मी कारभारी आहे!"

"म्हणून तर. कारभाऱ्याच्या घरचा फोटो नसला तर भिंत बरी दिसेल का? मी माझ्या आईला शब्द दिलाय. तुम्ही लावणार नसाल तर हातोडा द्या, मी लावते." आवाज तसाच, दूध ओतल्यासारखा. पण शनिवारी संध्याकाळी जेथ्रोच्याच दुकानातल्या खिळ्यावर फोटो लागला, तो हेप्सीच्या हातचा.

रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळे भिंतीपाशी जमले. पिकर्सगिल कंबरेवर हात ठेवून क्लेगांच्या फोटोसमोर उभा राहिला. "फोटो झकास! पण तू कुठंयस रे जेथ्रो? गावाला गेला होतास?"

जेथ्रोने आढ्याकडे पाहिलं. चॅपेलचा कारभारी चॅपेलमध्ये, तेही रविवारी, खोटं बोलणार कसा? त्याने खाली पाहिलं. पायांत तेच बूट होते.

"ते बूट," तो पुटपुटला, "माझे आहेत."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पिकर्सगिल असा हसायला लागला की त्याला बाकाचा आधार घ्यावा लागला. "खुर्ची! क्लेगची खुर्ची झाली!"

"हसायला काय झालं?" त्याची बायको डॉर्कस म्हणाली. ती आपल्या कुटुंबाच्या फोटोजवळ गेली आणि बाळामागच्या फुगलेल्या पडद्यावर बोट ठेवलं. "हा पडदा मी आहे."

पिकर्सगिलचं हसू अर्ध्यातच अडकलं.

"हे टेबल मी," दुसऱ्या फोटोपासून कुणी तरी म्हणालं. "ही आरामखुर्ची मी, आणि आधीच्या वर्षीच्या फोटोतलीही मीच," तिसरी म्हणाली. पाद्रीबुवांची पत्नी कधी मोठ्याने बोलत नसे. ती पुढे झाली आणि एका गाठोड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही उशी मी." पाद्रीबुवांनी घाईघाईने भजनाचं पुस्तक उघडलं.

बायका भिंतीच्या कडेने सरकत गेल्या, सामानातून एकमेकींना शोधत. "अगं, ही तू? मला वाटायचं, तुमच्याकडे खरंच असा सोफा आहे!" पुरुष खिडक्यांच्या चौकटी बघत राहिले. चौकटी चांगल्या होत्या.

थर्झाबाई मात्र फोटोसमोरून हलल्या नव्हत्या. त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, चारचौघांत पहिल्यांदाच, आणि नाकावर चढवला. बराच वेळ बूट पाहिले.

"म्हणजे मी जेथ्रोच्या मांडीवर बसले होते?"

"हो, आई."

"मला सांगितलं का नाहीस?"

"बारा वाजत होते," हेप्सी म्हणाली. हे काही पुरतं उत्तर नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.

थर्झाबाई गालात हसल्या. "तो तान्हा होता तेव्हा मी त्याची खुर्ची झाले होते. निळी, गोंड्यांची. तो तर माझी मांडी ओली करून बसला होता. फिटलं म्हणायचं." मग त्यांनी काचेवर आपल्या चेहऱ्याशी बोट नेलं. "पण ही बया कोण डोळे बारीक करून बसलीय? हेप्सी, मला माझा एकटीचा काढायचाय. चष्मा लावून. कुणी मांडीवर नको, आणि मीही कुणाच्या मांडीवर नको. जेथ्रो म्हणेल, या वयात कशाला थेरं. नेशील मला?"

"नेईन, आई."

पण सोमवारी गिरण्यांच्या भट्ट्या पेटल्या आणि आकाश पुन्हा करड्या चादरीत गेलं. थर्झाबाई विचारत नसत. सकाळी दोरीवरच्या कपड्यांकडे फक्त बघत. कपड्यांवर काजळी बसलेली असली की आत जात.

मग एका रात्री डोंगराकडून वारा सुटला आणि धूर पांगला. सकाळी हेप्सीने अध्याय संपवला, बायबल मिटलं आणि परसात डोकावली. रात्रभर बाहेर राहिलेल्या चादरी पांढऱ्याशुभ्र होत्या.

"सकाळीच कुठं निघालीस?" न्याहारीच्या टेबलावरून जेथ्रोने विचारलं. "आणि आई कुठं चाललीय? पोराला कोण धरणार?"

बारा वाजायला अवकाश होता. हेप्सी उलटून काही बोलली नाही. तिने अमोसला उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं, बंडीच्या घड्याळाशी. अमोसने कान लावला आणि गंभीर झाला. जेथ्रो तोंड उघडणार होता, पण पोर हलेल म्हणून तसाच बसून राहिला.

दारात थर्झाबाई ठेवणीतल्या टोपीची नाडी बांधून उभ्या होत्या. हेप्सीने त्यांचा चष्मा रुमालाने पुसला, त्यांच्या नाकावर नीट बसवला आणि गुडघे सांभाळायला हात पुढे केला. दोघी सावकाश टॅटल यांच्या जिन्याच्या दिशेने चालू लागल्या.